एकाच पाण्यात

चहाचं आधण ठेवून मी वळले, तर आजोबांच्या तोंडातून दोन मिशा बाहेर आलेल्या होत्या आणि त्या हलत होत्या. आजोबा म्हणजे कोणाचे आजोबा नव्हेत. आमच्या बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारातून समोरच दिसेल अशी, एक लांबलचक काचेची टाकी आहे आणि तिच्यात तीन न्यूट राहतात. त्यातल्या सगळ्यात थोराड दिसणाऱ्याला या घरात आजोबा म्हणतात. न्यूट दिसायला पालीसारखा असतो, पण तो पाल नव्हे. बेडकाच्या भावकीतला, कायम पाण्यात राहणारा, पाठीवर काळाकुट्ट आणि पोटाखाली विझत आलेल्या निखाऱ्यासारखा नारिंगी. त्याला मिशा नसतात. मिशा माझ्या झिंग्याच्या होत्या. आजोबांनी आवंढा गिळला, गिळताना त्यांचे डोळे आत खोबणीत बसले आणि परत वर आले, मिशा आणखी थोड्या आत गेल्या, आणि मी चहापत्तीचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. पाठीमागे आधण उकळून उतू जायला लागलं होतं. जेवणाच्या टेबलाशी मुलगी पावाला लोणी लावत बसली होती. तिने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा पावाकडे. "छोटा होता," ती म्हणाली. एवढंच. मग बशी धुतली, पालथी घातली, दप्तर उचललं आणि शाळेत गेली. दार तिने नेहमीसारखंच हळू ओढून घेतलं. ती दार कधी आपटत नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी माझ्या नवऱ्याची, पहिल्या बायकोपासूनची. पहिली बायको वारली त्याला काही वर्षं झाली, आणि मी या घरात आले त्याला अजून पुरतं वर्षही झालेलं नाही. न्यूट त्या पहिलीचे. तिने ते मुलगी रांगत होती तेव्हा आणले होते, आणि हे प्राणी वीसवीस वर्षं जगतात असं मला लग्नानंतर कळलं. म्हणजे हे तिघं तिला ओळखत होते. तिचा हात टाकीत आला की काचेशी गोळा होत होते. मी टाकीजवळ गेले की तेही येतात, मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून, आणि त्यांना वाटत असावं की हात तोच आहे. नवऱ्याला मी हे एकदा सांगितलं तर तो हसला. "त्यांना फक्त अळ्या ओळखता येतात गं," तो म्हणाला, "अळी घेऊन यमदूत आला तरी ते काचेशी येतील." तो लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. दिवसभर उंच इमारतींच्या पोकळीत लोंबकळत असतो म्हणून की काय, जमिनीवरच्या कुठल्याही गोष्टीने तो हबकत नाही. मुलीला तो साहेब म्हणतो. आजही निघताना दारात बूट घालता घालता म्हणाला, "साहेबांचं काही ठरलं का?" आणि मी म्हटलं, "मला काय विचारतोस, तिला विचार." तर म्हणाला, "विचारणार नाही. दबाव नको. तिचं तिने ठरवायचं." आणि गेला.

ठरवायचं होतं ते असं. मुलीची मावशी, म्हणजे त्या पहिलीची सख्खी बहीण, दुसऱ्या शहरात असते, आणि तिने महिन्याभरापूर्वी म्हटलं की पोरीला माझ्याकडे पाठवा. तिथली शाळा चांगली, घर मोठं, तिच्या दोन मुली हिच्याच वयाच्या. म्हणणं चुकीचं नव्हतं. रविवारी मावशी येणार होती. मुलगी हो म्हणाली तर तिला घेऊन जायला, नाही म्हणाली तर नुसती जेवायला. मला काय हवं आहे ते मला कोणी विचारलं नव्हतं, आणि ते एका परीने ठीकच होतं, कारण विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते मलाच ठाऊक नव्हतं. भांडी विसळताना वाटायचं, जाऊ दे, तिचंही बरं होईल, मीही जरा मोकळी होईन, या घरात मोठ्याने खोकता येईल. आणि ती बाहेर गेलेली असताना घरात आलं की पहिल्यांदा मी चपलांच्या जागी तिचे बूट आहेत का ते बघायची. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या होत्या आणि त्यांची आपसात गाठ पडत नव्हती.

झिंगे माझे होते, एवढंच या घरात माझं म्हणून आलेलं. लग्नाआधी मी एकटी एका खोलीत राहायची आणि खिडकीशी एक लहानशी टाकी होती, तिच्यात लाल झिंगे. बोटाच्या पेरापेक्षा लहान, गोड्या पाण्यातले, दिवसभर चिमुकल्या पायांनी काहीतरी वेचत बसणारे. कामावरून आलं की मी दिवा न लावता त्यांच्यासमोर बसायची. कोणी म्हणेल त्यात काय बघण्यासारखं. खरंच काही नव्हतं. म्हणूनच बसायची. सामान हलवताना टाकीला तडा गेला आणि झिंगे बादलीत घालून मी या घरात पाऊल टाकलं. नवी नवरी, हातात बादली. नवऱ्याने ती न्हाणीघरात ठेवली आणि म्हणाला नवी टाकी आणू, पण घरात दुसरी टाकी ठेवायला जागाच नव्हती हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. तेव्हा मुलगी न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बादलीत बघत होती. मग म्हणाली, "आमच्या टाकीत राहू शकतील." नवरा इतका खूश झाला की त्याने तिला उचलायचाच प्रयत्न केला, त्या वयाच्या मुलीला. "बघ, साहेबांनी परवानगी दिली!" मीही खूश झाले. त्या रात्री मी त्याला म्हटलं, मुलगी गुणी आहे. आणि आता, चहापत्तीचा डबा हातात धरून, मी पहिल्यांदाच तो प्रश्न नीट विचारत होते: तिला माहीत होतं का? न्यूट झिंगे खातात हे तिला तेव्हा माहीत होतं का? ती या प्राण्यांबरोबर वाढलेली मुलगी. मी कालपरवा आलेली. मला माहीत नव्हतं. पण तिला माहीत नसणं शक्य आहे का? "राहू शकतील," ती म्हणाली होती. आणि आज म्हणाली, छोटा होता.

मी कान तपासते. म्हणजे दवाखान्यात एक आवाज न शिरणारी खोली आहे, माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या पलीकडे. मी बारीक बारीक सूर सोडत जाते, आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. सोपं काम आहे, पण लोक ते सोपं ठेवत नाहीत. काहीजण सूर नसतानाच दाबतात. लबाडीने नव्हे. शांततेत बसलं की त्यांना वाटतं आता येईल, आला असेल, आपल्याला ऐकू आला नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, आणि ते दाबतात. सकाळी पहिल्याच आलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने मला असं हैराण केलं. मी यंत्र बंद करून आत गेले. "आवाज आला तरच दाबायचं हं." "आला ना." "नाही आला. मी सोडलाच नव्हता." बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी दडवून ठेवलं आहे. "मग मला कसा आला?" ती म्हणाली. या प्रश्नाला मी नेहमी ठरलेलं उत्तर देते, की कान थकले की असं होतं, जरा वेळ डोळे मिटून बसा. आज ते तोंडातून निघेना. मला सकाळपासून जे ऐकू येत होतं ते कोणी सोडलेलं होतं की नव्हतं? छोटा होता, यात काय होतं? कीव? समाधान? की नुसतं एका झिंग्याचं माप? मी तिचे दोन शब्द इतक्या वेळा कानाशी धरले की ते झिजून गुळगुळीत झाले आणि त्यांच्यातून काहीच येईना.

नोंदणीच्या टेबलावर बसते ती माझी मैत्रीण म्हणावी अशी बाई आहे, तोंडाने फटकळ. दुपारी डबा खाताना तिने विचारलं चेहरा का उतरलाय, आणि मी झिंग्याचं सांगितलं. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "झिंग्यासाठी?" ती म्हणाली. "बाई गं, तू झिंग्यासाठी सुतक पाळतेयस?" मग डोळे पुसून, जरा जवळ सरकून, "मुलीचं ठरलं का काही?" "रविवारी." "जाऊ दे तिला. खरं सांगते. तू कितीही कर, सावत्र ती सावत्रच. वाईट तूच ठरणार. गेली तर सुटशील." तिला वाटलं ती माझ्या मनातलं बोलतेय, आणि ती बोलतही होती, आणि तरी मला ते ऐकवेना. मी तिच्या डब्यातली काकडीची फोड उचलून खाल्ली. पण नंतर संपूर्ण दुपारभर, लोकांच्या कानांत सूर सोडत असताना, मला मुलीच्या मानेची मागची बाजू दिसत राहिली, केस वर बांधल्यावर दिसते ती, जिच्यावर एक बारीक तीळ आहे आणि जो तिला स्वतःला कधीच दिसणार नाही. हा तीळ मला माहीत आहे. तो माहीत असण्याचा मला काय अधिकार, असं मनात आलं आणि मी सूर चुकवला.

मावशी गेल्या वेळी आली होती तेव्हा टाकीसमोरच्या खुर्चीत बसली. तिथे बसली की तिला वेगळं काही करावं लागत नाही. बहीण आपोआप खोलीत येते. "ती कशी भरवायची बघा यांना," मावशी म्हणाली, "चिमट्याने, एकेक अळी, हातात धरून. लहान मुलासारखं." मी चहा आणला. मावशी चांगली बाई आहे. ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही, खरं तर माझ्याशी ती फारसं बोललीच नाही; जे बोलायचं ते माझ्या नवऱ्याकडे बघून, मी साखर किती घालते तेवढं सोडून. तेव्हा झिंगे नुकतेच टाकीत आले होते. तिने ते पाहिले, काही वेळ पाहत राहिली आणि मुलीला म्हणाली, "हे परत?" मुलगी म्हणाली, "हं." मी ते "परत" ऐकलं होतं. ऐकणं हाच माझा धंदा आहे. पण त्याचा अर्थ विचारायला जावं तर त्या दोघींच्या मधे जावं लागलं असतं, आणि तिथे पाय ठेवायला मला भीती वाटते. म्हणून मी कप गोळा केले.

आणि मग माझं वेड सुरू झालं ते झिंगे मोजण्याचं. रोज सकाळी उठले की मोजायची, आणि कधीच मेळ बसायचा नाही. झिंगे कात टाकतात. त्यांचं रिकामं, पारदर्शक कवच तळाशी पडलेलं दिसलं की मला वाटायचं एक गेला, आणि मग कळायचं की हा नुसता टाकलेला अंगरखा आहे, आतला माणूस कुठेतरी जिवंत आहे. टाकीत शेवाळ फार माजलं होतं. मागच्या अर्ध्या भागात हिरव्या लोकरीचा गठ्ठा कोंबल्यासारखं, दगडांना, लाकडाच्या ओंडक्याला, फिल्टरच्या नळीला, सगळीकडे. त्यात काही दिसायचं नाही. झिंगे आत आहेत की नाहीत, किती आहेत, काही समजायचं नाही. मागच्या सुट्टीच्या दिवशी मुलगी मैत्रिणीकडे गेली असताना मी बाह्या सरसावल्या आणि ते उपसून काढलं. बादलीभर निघालं. टाकी कशी लख्ख झाली. ओंडका दिसायला लागला, वाळू दिसायला लागली, आणि माझे लाल झिंगे, लपायला जागा नसल्यासारखे, उघड्यावर वेचत बसलेले. मला फार बरं वाटलं. नवरा म्हणाला, वा, नवीन घेतल्यासारखी दिसतेय. मुलगी आली, टाकीकडे बघून थबकली, तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी जाऊन ते थोडं उघडं केलं. हवा खेळती राहावी म्हणून. मी नेहमीच करते.

आज दुपारी शेवटचे दोन रुग्ण आलेच नाहीत आणि मी लवकर सुटले. घरी जायच्या वाटेवर मला चालवत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं. एका दुकानाच्या काचेत मी दिसले. पिशवी छातीशी धरून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणारी बाई. मी तिला म्हटलं, पुरे. रविवारी मुलगी जाईल, ठरल्यातच जमा आहे, तिच्या त्या दोन शब्दांतच ते आलं. मग निदान माझे झिंगे तरी मी वाचवते. घरात शिरले, चप्पल काढली न काढली, स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं टाकीतल्या पाण्याने भरून घेतलं आणि चहाची गाळणी घेऊन झिंगे पकडायला लागले. गाळणी, हो. जाळी मिळेना. ते मागे उडी मारून पळतात. झिंगा समोर बघत मागे पळतो, त्यामुळे तो नेमका कुठे जाणार याचा अंदाज येत नाही. माझा कोपरापर्यंतचा हात पाण्यात, ब्लाऊज भिजलेला, खुर्चीवर एक गुडघा टेकलेला. जाड्या नावाचा दुसरा न्यूट माझ्या बोटाशी आला आणि त्याने माझं करंगळीचं टोक तोंडात धरून पाहिलं. दात लागले नाहीत, नुसती ओली, थंड, मऊ पकड, आणि मग त्याने सोडून दिलं. त्या स्पर्शाने मला रडू फुटलं. कशासाठी ते सांगता येणार नाही. मी गाळणी ढवळत होते आणि रडत होते, आणि माझ्या मागे मुलगी उभी होती.

ती कधी आली मला कळलं नाही. दप्तर अजून खांद्यावर होतं. तिने पातेल्याकडे पाहिलं, त्यात गोल गोल फिरणाऱ्या पाचसहा लाल ठिपक्यांकडे. "बाजूला काढताय?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. नाक ओढलं. "खातात ते त्यांना."

"माहितीये."

"माहीत होतं? तेव्हाच? बादली बघत होतीस तेव्हा?"

"हो," ती म्हणाली, आणि मग माझा चेहरा बघून तिच्या कपाळावर आठी पडली. राग नव्हे, एखादं गणित चुकीचं मांडलं गेल्याची आठी. "म्हणजे... तुम्हाला काय वाटलं? मी मुद्दाम?" मी गाळणीकडे बघायला लागले. तिने दप्तर खाली ठेवलं. "आईने आणले होते एकदा असेच," ती म्हणाली. "मी लहान होते. पहिल्या वेळी सगळे गेले. मग तिने शेवाळ वाढवलं. खूप. ती म्हणायची जंगल करायचं, इतकं दाट की न्यूटला आत डोकंच घालता येणार नाही. आणि न्यूटना उपाशी ठेवायचं नाही. मग राहिले ते. कितीतरी दिवस राहिले, पिल्लंबिल्लं झाली. तुमची बादली आली तेव्हा मी तेच केलं. सगळं शेवाळ मागे नेऊन दाबलं. दगडांखाली दोऱ्याने बांधलं." ती थांबली. "आणि शाळेत जायच्या आधी त्यांना पोटभर भरवायचे. तुम्ही उठायच्या आत. पोट भरलेलं असलं की ते आळशी होतात, मागे लागत नाहीत."

"आज?"

"आज नाही भरवलं." तिने बोटाने काचेवरचा पाण्याचा थेंब पुसला. "मी गेल्यावर कोण भरवणार आहे तसं? म्हटलं बघू काय होतं."

मी गाळणी पाण्यातून बाहेर काढली. तिच्यातून पाणी माझ्या पायावर गळत होतं. ते बादलीभर हिरवं शेवाळ मला आठवलं, मी ते इमारतीच्या कचऱ्यात टाकलं होतं, दोरेसुद्धा हाताला लागले होते आणि मला वाटलं होतं कुठला तरी कचरा अडकलाय. "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "मी ते सगळं काढून टाकलं तेव्हा? ओरडायचंस तरी."

"तुम्हाला आवडलं होतं ना. बाबापण म्हणाला छान दिसतंय." मग जरा वेळाने, टाकीकडेच बघत, अजिबात न चिडता, "तुम्हाला सगळं दिसायला लागतं. माझं दारपण." तिने खरंच चिडून म्हटलं असतं तर मी काहीतरी बचाव केला असता, हवा खेळती राहावी वगैरे. तिने ते असं म्हटलं की जणू माझ्या उंचीबद्दल बोलतेय, बदलता न येणाऱ्या गोष्टीबद्दल. मी तिला किती महिने ऐकत होते! तिच्या बशीचा आवाज, दाराचा, तिच्या दोन शब्दांचा. कान लावून, श्वास रोखून, ती मला काय सांगतेय ते शोधत. आणि मी स्वतः एक सूरही सोडला नव्हता. तिच्या बाजूला नुसती शांतता होती. त्या शांततेत ती बसली होती, आणि तिनेही तिला जमेल ते बटण दाबलं होतं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"काय?"

"मावशीकडे. जाऊ नकोस. इथे राहा." माझा आवाज इतका वेडावाकडा निघाला की मला तो दुसऱ्या कोणाचा वाटला.

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी तिचा चेहरा कोरा होता, मग हळूहळू लाल होत गेला, कानापर्यंत. "हे आत्ता सांगताय?" ती म्हणाली, आणि आता मात्र ती चिडली होती, कधी नव्हे ती, आवाज चढला होता. "मी मधल्या सुट्टीत मावशीला हो म्हणून सांगून टाकलं! बाबा म्हणतो तुझं तू ठरव. मावशी म्हणते तुझं तू ठरव. तुम्ही तर काहीच म्हणत नाही, नुसतं बघत राहता. महिनाभर! मला वाटलं सगळ्यांना हेच पाहिजे, फक्त माझ्या तोंडून." तिने मनगटाने नाक पुसलं. पातेल्यातल्या झिंग्यांपैकी एकाने उडी मारली आणि तो फरशीवर पडला. तिने खाली वाकून, न बघताच, तो दोन बोटांत उचलला आणि पाण्यात सोडला.

"फोन दे," मी म्हटलं.

"कशाला?"

"दे." माझ्याकडे तिच्या मावशीचा नंबर नव्हता. इतक्या महिन्यांत तो मला कधी लागलाच नव्हता. मुलीने फोन काढला, काही क्षण हातात धरून ठेवला, मग नंबर लावून माझ्याकडे दिला. माझा हात ओला होता, तो मी साडीला पुसला आणि तरी तो फोनवरून घसरत होता. घंटा वाजत होती. मला काय बोलायचंय ते मी ठरवलं नव्हतं, आणि ठरवायला थांबले असते तर मी फोन ठेवून दिला असता, माफ करा चुकून लागला म्हणाले असते, कप गोळा केले असते. "बोल गं सोन्या," मावशी म्हणाली. तिला वाटलं मुलगीच आहे.

"मी बोलतेय," मी म्हटलं.

"तुम्ही? काय झालं? ती बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच आहे, समोर." मुलीचा हात पुढे आला. मला वाटलं ती फोन हिसकावून घेतेय, आणि घेतला असता तर मी दिला असता. तिने फोनच्या काचेवर एका जागी बोट टेकवलं आणि हात मागे घेतला. मावशीचा आवाज खोलीभर झाला, मोठा, जरा फाटका. "अहो, काय झालं? बोला ना."

"ती येणार नाही," मी म्हटलं, आणि लगेच वाटलं हे माझं सांगण्याचं नव्हे. "म्हणजे तिने तुम्हाला हो म्हटलंय ते मला आत्ता कळलं. तुमच्याकडे तिचं चांगलंच होईल, त्याबद्दल मला शंका नाही. तिला यायचं असेल तर ती येईल. पण मला ती इथे हवी आहे. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, तिलासुद्धा नाही. म्हणून सांगतेय. मला ती हवी आहे."

मावशीच्या घरात कुठेतरी पंखा फिरत होता तो ऐकू येत होता, आणि मागे कोणी मुली हसत होत्या. आमची मुलगी भिंतीला पाठ टेकून उभी होती. फोनकडे बघत नव्हती, टाकीकडेही नाही.

"परत सांगा," ती हळूच म्हणाली, फोनला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

मी परत सांगितलं.